इंचाला बारा टाके

सैन्य पोटावर चालतं असं म्हणतात. म्हणोत बापडे! थोरलीच्या दुकानात हे वाक्य कुणी टाकलं, तर ती आधी त्याला मान खाली घालायला सांगायची. "चालतंय कशावर ते बघा आधी. पोट काय, मागून येतंच." चोपन्न वर्षांची बाई. तीस वर्षं बूट शिवतेय, बोटांना मेणाचा वास कायमचा मुरलेला, आणि नाकावर माशी बसू देईल तर शपथ. तिला थोरली म्हणायचं कारण एवढंच, की एक धाकटीही होती. ती लग्न करून लांब गेली आणि फोनवरून सल्ले देण्यापुरती उरली. थोरलीनं लग्न केलं नाही. तिनं वडिलांचं दुकान सांभाळलं आणि दुकानाबरोबर वडीलही सांभाळले.

वडील म्हणजे आप्पा. वय शहाऐंशी. नजर जवळजवळ गेलेली, कान मात्र शाबूत. दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीशी बसून ते दोऱ्याला मेण लावायचे. मुठीतून दोरा सर्रकन ओढायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, "कच्चा आहे. परत कर." मग थोरली व्यापाऱ्याशी भांडायला जायची आणि पक्का दोरा घेऊनच परतायची. बापलेकीचा संसार असा छान चालला होता.

तर एका दुपारी दुकानात कप्तान आले. नोकरीतून कधीचे निवृत्त झालेले, पण पाठीचा कणा अजून हुकुमाची वाट बघत असल्यासारखा ताठ. शहरातल्या जुन्या पलटणीचं संग्रहालय ते सांभाळायचे. या माणसाला इतिहासाचं असं वेड, की कोटाचं एक बटण हातात दिलं तर कोट कुठल्या साली शिवला आणि कुठल्या मोहिमेत फाटला हे सांगून वर तुम्हाला चहा पाजतील. ऐकणारा मिळाला की सोडायचे नाहीत.

"मला बुटांचा एक जोड हवाय," ते म्हणाले, "पण जुन्या पद्धतीचा. शहात्तर वर्षांपूर्वीचा. तळाला खिळे ठोकलेला, डोंगरी पलटणीचा. नवं दालन उघडतोय आम्ही, खिंडीतल्या माघारीचं."

थोरलीच्या हातातली आरी तिथंच थांबली. मागच्या खोलीतला दोऱ्याचा आवाजही थांबला, पण तिकडे तिचं लक्ष गेलं नाही.

कप्तानांना बोलायला एवढं पुरेसं होतं. खुर्चीच्या कडेला टेकून त्यांनी सगळी माघार सांगितली. पलटण डोंगरात अडकली होती. चाळीस जखमी झोळ्यांतून न्यायचे, डोंगरी तोफा सुट्या करून खेचरांवर लादायच्या आणि खिंडीतून उतरून नदी गाठायची, तीही शत्रू पाठीशी असताना. पलटण निघून जाईपर्यंत खिंड अडवून धरायला मागं तेवीस माणसं राहिली. तेवीसच! तीन दिवस त्यांनी अशी काही गोळीबारी केली, की समोरच्याला वाटलं अख्खी पलटण तिथंच बसलीय. रोज एकेक जण टोप्या बदलून निरनिराळ्या दगडांमागून डोकं वर काढायचा. पलटण नदीपार झाली, जखमी वाचले, तोफा वाचल्या. तिसऱ्या रात्री ते तेवीस जण गुपचूप खिंड उतरले आणि नदीकडे निघाले.

"पोचले?" थोरलीनं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

"एकही नाही. दुसऱ्या दिवशी बर्फ सुरू झालं. शोधायला गेलेल्यांना चार दिवसांनी सापडले, वाटेवर अंतरा-अंतरानं. शेवटचा नदीपासून अर्ध्या मैलावर होता हो. आणि सगळ्यांच्या बुटांचे तळ निघालेले. चौकशी झाली. खराब शिलाई, कुजका दोरा. बुटाला तळ नाही आणि पायाखाली बर्फ, माणूस किती चालणार? ठेकेदारानं कुणा कारागिराकडून बूट करून घेतले होते, त्या कारागिराला बुडवला सरकारनं. बरंच झालं." ते खुर्चीत पुढं सरकले. "तर मला तसाच जोड हवाय. तळ उसवून लोंबणारा. पुतळ्याच्या पायात घालायचाय. मूळ बूट हात लावला तरी तुकडे पडतात."

थोरली म्हणाली, "मूळ बघितल्याशिवाय मी करणार नाही." कप्तान म्हणाले, "उद्या या की."

ते गेल्यावर तिनं दुकानाचं दार लोटून घेतलं. कारण तो 'कुणी कारागीर' म्हणजे तिचे सख्खे आजोबा होते.

हे घरात माहीत होतं आणि घरातच राहिलं होतं. आजोबांचा कारखाना त्या चौकशीनंतर बंद पडला. पुढं ते बाजाराच्या कोपऱ्यावर पिशव्या आणि पट्टे शिवत बसायचे. आप्पा तेव्हा दहा वर्षांचे. शाळेत पोरं त्यांना 'तेवीस' म्हणून हाक मारायची. पोरांचंच काय, मोठी माणसंही चिडवायची. अठराव्या वर्षी आप्पांनी हत्यारांची पेटी उचलली, गावाच्या दुसऱ्या टोकाला हे दुकान टाकलं आणि पाटीवर लिहून घेतलं, 'खात्रीची शिलाई'. वडिलांच्या घराची पायरी नंतर चढले नाहीत. ते आजारी पडले तेव्हा गेले नाहीत. वारले तेव्हा गेले, लांब उभे राहिले आणि सगळ्यांच्या आधी निघाले. थोरली तेव्हा चार वर्षांची होती. तिला आजोबा आठवतच नाहीत.

"त्या माणसानं तेवीस जीव घेतले," आप्पा एकदाच म्हणाले होते, थोरली धंद्यात आली त्या वर्षी. "आणि हे लोकांचं ऐकून नाही सांगत मी. माझ्यासमोर कबूल केलंय त्यानं."

त्यापुढं बोलायची कुणाची टाप होती? पण थोरलीच्या मनात एक गोष्ट कायम सलायची. आपण ज्याच्याकडून हा हात घेतला, त्याचा एकही टाका आपण पाहिलेला नाही. घरात आजोबांची साधी चप्पलही ठेवलेली नव्हती. टाके खरंच वाईट असतील तर वाईट, पण एकदा डोळ्यांनी बघायचे होते तिला.

दुसऱ्या दिवशी ती संग्रहालयात गेली. मागच्या बाजूला लांबट खोली होती, खिडक्यांना जाड पडदे आणि भिंतीभर कपाटं. कप्तानांनी एकेक कपाट उघडत नेलं आणि थोरली आली कशाला होती तेच विसरली. माणसांनी अंगावर काय काय वागवलंय! मानेला घासू नये म्हणून आतून मऊ कापड लावलेली कॉलर. थंडीत उघडझाप करता यावी म्हणून मुद्दाम मोठं केलेलं बटण. पिंढऱ्यांना गुंडाळायच्या लोकरी पट्ट्या, प्रत्येकी तीन हात लांब. गोळ्यांच्या पट्ट्याला शिपायानं स्वतः घातलेलं ठिगळ, तेही हिरव्या दोऱ्यानं, कारण खाकी मिळाला नसणार. पाण्याच्या एका बाटलीच्या वेष्टनावर कुणीतरी सुईनं आपल्या मुलीचं चित्र काढलेलं, दोन वेण्या आणि एक दात पडलेली.

"लढाई म्हटलं की लोकांना तलवार दिसते," कप्तान म्हणाले. "मला हे दिसतं. एवढं पाठीवर घेऊन डोंगर चढायचा, वर जाऊन लढायचं आणि पट्टा तुटला तर आपणच शिवायचा. देव माणसं हो!"

थोरलीला कप्तान आवडून गेले. बोलबोल बोलतात, पण माणूस बटणालाही जीव लावणारा होता.

मग त्यांनी लाकडी पेटी काढली. आत पातळ कागदात अकरा जोड होते. बाकीचे माणसांबरोबरच गेले. प्रत्येक बुटाच्या आत, घोट्याशी, कारखान्याच्या आकड्याचा शिक्का होता. तो आकडा थोरलीनं आप्पांच्या जुन्या आरीच्या मुठीवर लहानपणापासून पाहिला होता. शंका उरली नाही. आजोबांचेच.

तिनं भिंग डोळ्याला लावलं आणि पहिला जोड उजेडात धरला.

आता बुटाचं थोडं समजून घ्या, अवघड नाही. वरचं कातडं आणि खालचा तळ यांच्यामध्ये कातड्याची एक अरुंद पट्टी फिरवलेली असते. तळ त्या पट्टीला शिवतात. शिलाई कुजून उसवली तर दोऱ्याची टोकं पिंजल्यासारखी होतात आणि टाक्याची भोकं ओढ बसून लांबट होतात, कारण दोरा सुटायच्या आधी कातडं ताणून घेतो. हे शेंबड्या पोरालाही कळतं, म्हणजे बूट शिवणाऱ्याच्या शेंबड्या पोराला.

इथं भोकं गोल होती. सुईनं आत्ता पाडल्यासारखी गोल. आणि भोकांतून अडकून राहिलेल्या दोऱ्याची टोकं सपाट. तिनं दुसरा जोड घेतला. तिसरा घेतला. पट्टीच्या आतल्या अंगाला बारीक चिरा होत्या, एकाच दिशेनं जाणाऱ्या. टाचेजवळ तर पातं निसटून कातड्यात घुसल्याची खूण. पाचव्या बुटापाशी तिनं भिंग पुसलं आणि उरलेले सगळे एकामागून एक तपासले. अकरा जोडांपैकी एकही उसवलेला नव्हता. बावीसच्या बावीस बूट कापलेले होते.

"कप्तानसाहेब," ती म्हणाली, "तळ निघाले नाहीत. काढलेत. सुरीनं म्हणा, संगिनीनं म्हणा, पण काढलेत."

"कुणी?"

"ज्यांनी घातले होते त्यांनीच, नाहीतर कोण येणार तिथं? बूट पायातून काढायचा, उलटा धरायचा आणि टाके कापत जायचं. ही बघा, पातं आपल्या अंगाकडे ओढल्याची खूण आहे. आणि तळ कुठं गेले?"

कप्तान खाली बसले. "तळ त्यांच्या पिशव्यांत सापडले. चौकशीत लिहिलंय की, निघालेले तळ बिचाऱ्यांनी जपून ठेवले."

"जपूनच ठेवले. परत लावायचे होते ना! पण चौकशी करणाऱ्यांच्या मेंदूला काय झालं होतं? कचेरीत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, झालं! एकानंही एक टाका उलटून बघितला नाही."

"पण बाई, शिपाई आपल्याच बुटाचा तळ का कापेल? तेही डोंगरात?"

थोरलीला ते ठाऊक नव्हतं. ती बुटांपुरती शहाणी. पण कप्तानांचा चेहरा बोलता बोलता बदलला. ते ताडकन उठले आणि दोन जुन्या वह्या घेऊन आले. त्यांना तीस वर्षं एक कोडं सुटत नव्हतं. खिंडीतून उतरायला दगडी पायऱ्यांची एकच वाट होती आणि त्या वाटेपासून दोनशे पावलांवर शत्रूची चौकी. शत्रूच्याच नोंदीत लिहिलेलं होतं, की रात्रभर काही ऐकू आलं नाही, सकाळी बघतो तर दगडांवर फक्त टोप्या मांडलेल्या. आता दगडावर खिळ्यांचे बूट म्हणजे घंटा वाजवत जाण्यातलाच प्रकार. तेवीस माणसं आवाज न करता उतरली कशी? पलटणीच्या इतिहासात छापलं होतं, 'बर्फामुळे आवाज झाला नाही'. पण हवामानाच्या वहीत बर्फ दुसऱ्या दिवशी दुपारचं होतं.

"घोंगड्या गुंडाळता आल्या असत्या पायाला," थोरली म्हणाली.

"घोंगड्या नव्हत्या. जखमींना दिल्या होत्या. झोळीमागं दोन-दोन. ही बघा यादी." कप्तानांनी वही तिच्यापुढं सरकवली. "आणि अनवाणी गेले असते तर थंडीनं पाय तिथंच गेले असते. म्हणून नुसता खिळ्यांचा तळ काढला. वरचं कातडं आणि आतला पातळ पापुद्रा तेवढा ठेवला. त्यांना वाटलं, नदीपर्यंत एका दिवसाची वाट आहे, निभेल. बर्फ पडेल हे कुणाला माहीत? अरे देवा! चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की आपण. आणि ती माणसं... त्यांनी हे केलं, आणि आपण म्हणतोय त्यांचे बूट फाटले!"

मग थोरलीनं सांगितलं, तो संन्यासी तिचा आजोबा होता म्हणून.

कप्तानांनी वह्या मिटल्या. माणूस सरळ होता, त्यानं मनातलं बोलून टाकलं, "मग लोक म्हणतील, नातीनं आजोबाला सोडवलं."

"म्हणू देत. दुसऱ्या कुणाला तरी दाखवा." आणि नाव सुचवलं तेही पलीकडच्या गल्लीतल्या बूटवाल्याचं, ज्याचं आणि तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. दुसऱ्या दिवशी तो आला, तासभर भिंग लावून बसला आणि तोंड वाकडं करत म्हणाला, "कापलेत. आणि कापताना त्यांनी शिवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असणार. कुणी घातलेत हो एवढे घट्ट टाके? ठेक्याच्या कामात?"

आयुष्यात पहिल्यांदा थोरलीला त्याचा मुका घ्यावासा वाटला. घेतला नाही.

आता खरी पंचाईत इथं सुरू होते. आजोबा सुटले, पण आप्पांचं काय? अठराव्या वर्षापासून ज्या माणसानं जित्या बापाचं तोंड बघितलं नाही, त्याला शहाऐंशीव्या वर्षी जाऊन सांगायचं, की तुमचा बाप निर्दोष होता? म्हणजे आनंदाची बातमी द्यायची की काळजात सुरी घालायची?

धाकटी फोनवर म्हणाली, "अजिबात सांगू नकोस! काय मिळणार आहे त्यांना? आजोबा काही परत येणार नाहीत. आप्पांना दिसत नाही, दालनातली पाटी वाचता येणार नाही. दालन उघडेल, लोक बघतील, आपण मनातल्या मनात हात जोडू. म्हाताऱ्या माणसाला शेवटी शेवटी सुखानं राहू दे गं."

एरवी धाकटीचा सल्ला थोरली एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यायची. पण या वेळी तो तिला पटला. खोटं कशाला बोला, तिला तो सोयीचा वाटला. दोन दिवस ती गप्प राहिली. बुटाचं कातडं कापलं, साच्यावर चढवलं, आप्पांना 'गिऱ्हाईक आहे एक' एवढंच सांगितलं. जेवताना नको तितकं बोलायची आणि मग एकदम गप्प व्हायची. असं वागणारी माणसं स्वतःला फार हुशार समजतात.

तिसऱ्या दिवशी आप्पांनी मागच्या खोलीतूनच विचारलं, "कसे होते टाके?"

"कसले?"

"मी आंधळा आहे, बहिरा नाही. कप्तान इथंच बसून बोलत होता. तू जाऊन बघून आलीस. कसे होते?"

थोरलीनं हातातलं कातडं खाली ठेवलं. जगात कुणालाही ती थाप मारू शकली असती. पण ज्यानं तिच्या पहिल्या हजार टाक्यांपैकी नऊशे उसवायला लावले, त्याच्याशी टाक्यांबद्दल खोटं कसं बोलणार? जीभच वळेना. ती त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. खिंड, घोंगड्या, दगडी पायऱ्या, सपाट कापलेली टोकं. अगदी पलीकडच्या गल्लीतल्या त्या वैऱ्याचं बोलणंसुद्धा.

आप्पांनी हातातला दोरा बाजूला ठेवला. म्हणाले, "मला बोटांनी बघू दे."

दुसऱ्या दिवशी कप्तान स्वतः बूट घेऊन आले, मऊ कापडात गुंडाळून, तान्हं मूल आणावं तसे. नियमात बसत नव्हतं. "नियम मी करतो, मीच मोडतो," ते म्हणाले. आप्पांनी हात धुतले, पुसले आणि तर्जनीचं टोक त्या पट्टीवर ठेवलं. एकेका भोकावरून बोट सरकत गेलं. अंगठ्याचं पेर लावून त्यांनी माप घेतलं, पुन्हा मोजलं.

"बारा," ते म्हणाले. "इंचाला बारा. ठेक्यात किती मागितले होते?"

कप्तानांनी कागद बघितला. "आठ."

"आठ मागितले आणि बारा घातले." आप्पांचं बोट तिथंच थांबलं. "मी विचारलं होतं त्यांना. दहा वर्षांचा होतो. शाळेतून रडत आलो आणि विचारलं, बाबा, तुमचे टाके उसवले का? ते कितीतरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, उसवले असतील. तेवढंच. त्यालाच मी कबुली समजलो."

त्यांनी बोट पुन्हा पहिल्या भोकावर नेलं.

"अगं, त्यांनी ते बूट परत बघितलेच नव्हते. कुणी दाखवलेच नाहीत. न बघता कुठला कारागीर म्हणेल, की माझं काम उसवणारच नाही? मी तरी गिऱ्हाइकाला काय सांगतो? बूट आणून दाखवा, चुकलं असेल माझं. रोज म्हणतो! जन्मभर म्हणत आलोय, आणि बापानं म्हटलेलं मला कळलं नाही. ते पिशव्या शिवत बसायचे बाजारात. मी रस्ता बदलून जायचो. त्यांना दिसायचं मी रस्ता बदलताना. मी चुकलो गं. फार चुकलो. आता कुणाला सांगू?"

थोरलीनं त्यांचा हात धरला. तिला वाटलं, धाकटीचं ऐकायला हवं होतं. तिला असंही वाटलं, की हे आधी का नाही कळलं, पन्नास वर्षं आधी. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. कप्तान भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि रुमालानं नाक पुसत होते.

थोड्या वेळानं आप्पांनीच विचारलं, "तो पुतळ्याचा जोड कुठवर आलाय?"

"तळ शिवायचाय."

"आण इकडे."

पुढचे चार दिवस दोघं एकत्र बसली. ती आरीनं भोक पाडायची, आप्पा दुहेरी दोरा ओढायचे. इंचाला बारा. आप्पांचे दंड दुखायचे, तरी एकही टाका त्यांनी ढिला सोडला नाही. मधेच थांबून विचारायचे, त्या तेविसांत सगळ्यात लहान केवढा होता? कप्तानांनी सांगून ठेवलं होतं, एकोणीस वर्षांचा. आप्पा मान हलवायचे आणि पुन्हा ओढायचे. कप्तानांनी पाटीचा मजकूरही वाचून दाखवला. त्यात आधी तेवीस जणांचं होतं, त्यांनी काय केलं आणि का. मग एक ओळ बूट शिवणाऱ्याची, इंचाला बारा टाक्यांची. आप्पांनी दोनदा वाचायला लावलं. शब्द बदलायला सांगितला नाही.

पाचव्या दिवशी जोड पुरा झाला. सुरेख झाला होता. आता फक्त तळ कापायचे राहिले होते, त्या शिपायांनी कापले तसे. थोरली म्हणाली, "मी कापते." आप्पा म्हणाले, "नको. दे मला."

कप्तानांनी त्या काळातली एक संगीन आणली होती. आप्पांनी बूट गुडघ्यांत उलटा धरला, चाचपत पात्याचं टोक पट्टीखाली घातलं आणि ओढलं. काही झालं नाही. पुन्हा जोर लावला. एक टाका कट्‌कन तुटला. कपाळावर घाम आला. दुसऱ्याला पातं निसटलं आणि कातड्यात घुसलं. तिसरा, चौथा. दहा मिनिटांत चार टाके. एका बुटाला दोनशेवर टाके, एका माणसाचे दोन बूट, आणि ते खिंडीत, अंधारात, थंडीनं बधिर बोटांनी, दोनशे पावलांवर चौकी असताना, हूं की चूं न करता. कप्तान हळूच म्हणाले, "किती वेळ लागला असेल त्यांना!"

आप्पांनी ऐकलं नाही. ते पाचव्या टाक्याशी झगडत होते. पातं घासत होतं, दोरा तटतटत होता, तुटत नव्हता. डोळ्यांतून पाणी बुटावर पडलं, तरी ते हात थांबवत नव्हते.

"सुटत नाहीत गं," ते म्हणाले. "बाबांचे टाके सुटत नाहीत."

थोरलीनं संगीन त्यांच्या हातातून काढून घेतली नाही. बूट हलू नये म्हणून ती पुढं झाली, दोन्ही हातांनी तो घट्ट धरला आणि त्यांना कापू दिलं.